टीममध्ये सगळे वेगवेगळे असले की विज्ञान खरंच चांगलं होतं का?

वैविध्याचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, नाना तऱ्हेची माणसं एकत्र आली की नव्या कल्पना सुचतात, शोध लागतात, कंपनीचा नफाही वाढतो. दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळं थोतांड आहे. प्रयोगशाळेत हुशारी चालते, बाकी कशाला काही अर्थ नाही. अमेरिकेत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्याला चाप लावला, २०२५च्या जानेवारीत तिथल्या सरकारनं स्वतःचे वैविध्याचे कार्यक्रम बंद करायचे आदेश काढले, आणि तेव्हापासून हा वाद बातम्यांतून हटायला तयार नाही.

या भांडणात एक साधा प्रश्न मात्र चेंगरून जातो. शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांच्या टीममध्ये माणसं वेगवेगळी असली, तर काम चांगलं होतं का? यावर अभ्यास ढिगानं झाले आहेत. त्यांचं उत्तर सरळ 'हो' नाही, सरळ 'नाही'ही नाही, पण 'कधी हो, कधी नाही' इतकं गुळमुळीतही नाही.

कुठलं वैविध्य, कसली कामगिरी?

'वैविध्य' हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली, माणूस दारातून आत आला की दिसते ती: स्त्री की पुरुष, वय, वंश, देश. दुसरी, बायोडेटावर दिसते ती: शिक्षण, विषय, आधीच्या नोकऱ्या. तिसरी मात्र महिनोन्‌महिने सोबत काम केल्यावरच कळते: कोण आधी आकृती काढतो, कोण थेट समीकरण मांडतो, कोण यंत्र उघडून बसतो. निम्मा गोंधळ इथेच होतो. पहिलं वैविध्य मोजायला सोपं, म्हणून मोजलं जातं ते. आणि दावा केला जातो तिसऱ्याचा. 'ती बाई आहे, म्हणजे वेगळा विचार करणारच' हे वाक्य कितीही कौतुकानं म्हटलं तरी तो पूर्वग्रहच. पण दोन्हींचा काहीच संबंध नाही असंही नाही. माणूस जे जगलेला असतो, त्यावरून त्याला कुठे काय खटकतं हे ठरतं.

'कामगिरी'चंही तसंच. शास्त्रज्ञाची कामगिरी म्हणजे शोधनिबंध किती आणि पुढे किती जणांनी त्यांचा संदर्भ घेतला. इंजिनिअरची म्हणजे पेटंट, वेळेत पुरा झालेला प्रकल्प, वापरात निघालेले दोष. आणि दोघांच्याही बाबतीत, वरिष्ठांनी दिलेले गुण. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्यात खोच आहे.

हरवलेली किल्ली

घरात किल्ली हरवली आहे आणि पाच जण शोधताहेत. पाचही जणांच्या सवयी सारख्या असतील तर पाचही जण आधी टेबलाचा खण बघणार, मग खुंटी, मग कालच्या कपड्यांचे खिसे. पाच माणसं आहेत खरी, पण शोध एकाच माणसाचा चालला आहे. त्यातला एखादा जरी 'फ्रिजवर बघितलं का?' म्हणणारा निघाला, तर तो बाकीच्यांपेक्षा हुशार असायची गरज नाही. त्यानं फक्त दुसरीकडे बघायला हवं.

स्वतः लिहिलेल्या मजकुरातली चूक स्वतःला सापडत नाही, तीही याच कारणानं. दहा वेळा वाचलं तरी डोळे त्याच जागी घसरतात.

हेच प्रत्यक्ष प्रयोगशाळेत कसं घडतं, ते केविन डनबार या मानसशास्त्रज्ञानं बघितलं. शास्त्रज्ञ नेमका विचार कसा करतात हे त्यांच्या आठवणींवरून समजून घेण्यापेक्षा तो विचार चालू असताना ऐकावा, म्हणून १९९०च्या दशकात तो रेण्वीय जीवशास्त्राच्या चार प्रयोगशाळांच्या साप्ताहिक बैठकांना जाऊन बसला आणि सगळं रेकॉर्ड केलं. त्यातल्या दोन लॅबमध्ये साधारण एकाच सुमारास एकच किरकोळ पण वैताग आणणारी अडचण आली: जे प्रथिन शुद्ध करून वेगळं काढायचं होतं, ते गाळणीलाच चिकटून बसायचं.

पहिल्या लॅबमध्ये सगळे एकाच जिवाणूचे, ई. कोलायचे, तज्ज्ञ. एकमेकांच्या तोडीस तोड, पण तयार झालेले एकाच मुशीतून. त्यांनी हे करून बघ, ते करून बघ, असं करत कित्येक आठवडे घालवले. दुसऱ्या लॅबमध्ये वेगवेगळ्या विषयांतून आलेली माणसं होती. अडचण सांगून होते न होते तोच एकाला आपल्या जुन्या कामातला असाच प्रसंग आठवला, दुसऱ्याला आणखी एक, आणि बैठक संपायच्या आत मार्ग निघाला. डनबारच्या लक्षात आलं की ही मंडळी सतत 'हे त्याच्यासारखंच आहे की' असं म्हणत होती. पहिल्या लॅबमध्ये 'त्या'चा साठाच सगळ्यांचा एक होता, त्यामुळे एकाला जे आठवत नव्हतं ते दुसऱ्यालाही आठवत नव्हतं.

आणखी जवळून बघायचं तर १९५३चा फेब्रुवारी महिना घ्या. केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन पुठ्ठ्याचे तुकडे कापून डीएनएच्या चार घटकांची कोडी जुळवत बसला होता. आकार त्यानं पाठ्यपुस्तकातून उचललेले. त्याच खोलीत जेरी डोनोह्यू नावाचा रसायनतज्ज्ञ बसायचा. त्यानं सांगितलं, पुस्तकातल्या आकृत्याच चुकीच्या आहेत. हायड्रोजनचे अणू भलत्याच जागी दाखवलेत. वॉटसन जीवशास्त्रातला, फ्रान्सिस क्रिक मूळचा भौतिकशास्त्रातला. ही चूक दोघांनाही स्वतःहून दिसली नसती. दुरुस्त आकाराचे तुकडे हलवून बघताना महिनाअखेरीला जोड्या बसल्या: अॅडेनिनला थायमिन, ग्वानिनला सायटोसिन. डोनोह्यू त्या संशोधनात नव्हताही. तो नुसता त्या खोलीत होता, आणि त्यानं तोंड उघडलं.

मग सरासरी शून्याच्या जवळ का?

इतकं छान आहे तर टीममध्ये वैविध्य आणलं की काम सुधारलंच पाहिजे. पण तसं दिसत नाही. २०२४ साली ६१५ अहवालांतले आकडे एकत्र करून एक मोठा 'अभ्यासांचा अभ्यास' प्रसिद्ध झाला. दोन गोष्टी किती हातात हात घालून चालतात हे सांगणारा एक आकडा असतो. शून्य म्हणजे काडीचा संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण बरोबरीनं. इथे तो निघाला ०.१च्याही खाली. वैविध्य कुठल्याही प्रकारचं असो, फायदा आहे, पण चिमूटभर.

इथे 'बघा, काही फरक पडत नाही' म्हणून हात झटकणं घाईचं होईल. गरम आणि गार पाण्याचे दोन नळ एकाच बादलीत सोडले की पाणी कोमट होतं. त्यावरून नळांत जोर नव्हता असं ठरत नाही. वैविध्याचंही तेच आहे. गरम नळ माहितीचा: जास्त मार्ग, जास्त आठवणी, चूक पकडणारे जास्त डोळे. गार नळ घर्षणाचा: एकमेकांची भाषा कळत नाही, 'आपले' आणि 'त्यांचे' पडतात, विश्वास बसायला वेळ लागतो. कुठल्या टीममध्ये कुठला नळ मोठा सुटला आहे, यावर निकाल ठरतो.

घर्षण म्हणजे नुसती भांडणं नव्हेत. १९९९ साली मंगळाकडे गेलेलं एक यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, पोहोचता पोहोचता नष्ट झालं. जमिनीवरची एक टीम इंजिनाच्या रेट्याचे आकडे पौंडांच्या हिशेबात देत होती, दुसरी ते न्यूटनच्या हिशेबात वाचत होती. प्रत्येक आकड्यात साधारण साडेचार पटींचा फरक. दोन्हीकडची माणसं आपापल्या कामात तरबेज, आणि कुणीही कुणाशी भांडलेलं नव्हतं. वेगळेपण होतं, दुभाषी नव्हता.

दुसरं घर्षण जास्त ओळखीचं. सहा जणांची टीम आहे. तिघे वयस्क पुरुष, तिघेही मेकॅनिकल इंजिनिअर. तिघी तरुण मुली, तिघीही सॉफ्टवेअरमधल्या. इथे वय, लिंग आणि विषय या तिन्हींच्या रेघा एकमेकींवर बसल्या. लाकूड रेघेवर फुटतं, तशी ही टीम याच रेघेवर फुटणार. यालाच १९९८ साली लाऊ आणि मर्निगन या अभ्यासकांनी 'फॉल्टलाइन' असं नाव दिलं, भूकंपातल्या भेगेवरून. त्याच सहा जणांत एक सॉफ्टवेअरवाला पन्नाशीचा असता आणि एक मेकॅनिकलवाली पंचविशीची, तर रेघा एकमेकींना छेदून गेल्या असत्या. वैविध्य जवळपास तेवढंच, पण भेग नाही. नुसती टक्केवारी मोजणाऱ्यांना हा फरक दिसतच नाही.

नावडतीचं मीठ

आता ती खोच. कामगिरी मोजतो कोण? २०१२च्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की लिंग-वंश यांचं वैविध्य असलेल्या टीमना वरिष्ठांनी गुण दिले की ते थोडे कमी पडतात. उत्पादन, निकाल अशा मोजता येणाऱ्या गोष्टी बघितल्या की तो फरक उरत नाही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते हेच.

त्याच वर्षी विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एक अर्ज पाठवला गेला. मजकूर तोच, निम्म्या जणांच्या कागदावर नाव जॉन, निम्म्यांच्या कागदावर जेनिफर. जॉन जास्त लायक वाटला. त्याला देऊ केलेला पगार सरासरी ३०,२३८ डॉलर, तिला २६,५०८. महिला प्राध्यापकांनीही तोच कल दाखवला, हे जास्त बोलकं.

न्यायानं बोलायचं तर २०१५ साली उलट निकालही आला. प्राध्यापकपदासाठी तुल्यबळ उमेदवारांची वर्णनं ८७३ प्राध्यापकांना दिली, तर त्यांनी स्त्री उमेदवार दुपटीनं निवडली. दोन्ही अभ्यास एकाच नामांकित नियतकालिकात आले. माझ्या मते दोन्ही खरे असू शकतात: एकात मध्यम दर्जाचा, संशयाला जागा असलेला अर्ज होता, दुसऱ्यात चोख उमेदवार. पूर्वग्रह संशयाच्या फटीतून आत येतो. पण एवढं कबूल करूनच पुढे जायला हवं की 'सगळीकडे, नेहमी बायकांवर अन्याय' इतकं सपाट चित्र आकडे देत नाहीत.

श्रेयाचं गणित मात्र जास्त स्पष्ट आहे. अमेरिकेत १९७७ ते २०१५ या काळात पीएचडी झालेल्या सुमारे १२ लाख जणांचे प्रबंध तपासणारा एक अभ्यास २०२० साली आला. विज्ञानात संख्येनं कमी असलेल्या गटांतले संशोधक, म्हणजे अनेक विषयांत स्त्रिया आणि अल्पसंख्य वंशांचे लोक, संकल्पनांच्या नव्या जोडण्या जास्त करतात, पण त्यांच्या नव्या जोडण्या पुढे उचलल्या जातात कमी. म्हणजे वैविध्याचा लाभ तयार होतो आणि वाटेतच गळतो. डीएनएच्या त्याच गोष्टीत लंडनमध्ये काम करणारी शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन आठवा. तिच्या क्ष-किरण छायाचित्राचा आणि मोजमापांचा आधार तिला न कळवता घेतला गेला.

'पण गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच ना?'

हा आक्षेप मला आवडतो, कारण तो बरोबर आहे. समीकरण सोडवणाऱ्याचं लिंग बदललं म्हणून उत्तर बदलत नाही. पण कुठलं समीकरण सोडवायला घ्यायचं आणि उत्तर कुणावर तपासायचं, हे माणसंच ठरवतात.

बोटाला चिमट्यासारखं लावायचं ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलं. त्यातला प्रकाश त्वचेतून पार जातो आणि रक्तातला ऑक्सिजन अंदाजतो. काळसर त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. २०२०च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. यंत्र ९२ ते ९६ टक्के, म्हणजे ठीकठाक, दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८च्या खाली निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या संगणक प्रणालींची २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या कृष्णवर्णीय संशोधिकांनी तपासणी केली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका एक टक्क्याहून कमी. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत वाईट प्रणालीत ३४.७ टक्के. मोटारींच्या धडकचाचणीतले पुतळे तर वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या मापाचे.

टीममध्ये एक स्त्री किंवा एक कृष्णवर्णीय इंजिनिअर असता तर हे दोष सापडलेच असते का? खात्री देता येत नाही. पण बुओलाम्विनीला हा दोष दिसला तो तिचाच चेहरा संगणकाला दिसत नव्हता म्हणून.

'मग गुणवत्ता गेली वाऱ्यावर?'

अकरा सर्वोत्तम गोलरक्षक घेऊन फुटबॉलची टीम बनवली तर काय होईल? प्रत्येक जण अव्वल, टीम दुबळी. एकेकट्याची गुणवत्ता आणि टीमची गुणवत्ता यांचा हिशेब वेगळा असतो, एवढंच यातून घ्यायचं. गोलरक्षक नको असं कुणी म्हणत नाही.

याच मुद्द्यावर हाँग आणि पेज या अभ्यासकांचं २००४ सालचं गणित वैविध्याचे समर्थक पुढे करतात: हुशारांच्या गटापेक्षा कसेही निवडलेले लोक सरस ठरू शकतात, असं ते दाखवतं. त्यावर गणितज्ञ अॅबिगेल थॉम्पसन यांनी २०१४ साली कडक टीका केली, आणि ती मला पटते. गृहीतकं सोयीची मांडली की निष्कर्ष आपोआप पदरात पडतो. त्या प्रमेयाचा पुरावा म्हणून वापर टाळलेलाच बरा.

त्यापेक्षा हबल दुर्बिणीचं उदाहरण बघा. ही दुर्बीण वापरायला मिळावी म्हणून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतात, निवड होते थोड्यांची. अनेक वर्षं दर फेरीत पुरुषांच्या प्रस्तावांचं यशाचं प्रमाण स्त्रियांपेक्षा वर असायचं. २०१८ साली प्रस्तावांवरची नावं काढून टाकली. कुणाला झुकतं माप नाही, कोटा नाही. त्या फेरीत स्त्रियांच्या प्रस्तावांचं यश ८.७ टक्के, पुरुषांचं ८.०. एका फेरीच्या एवढ्याशा फरकावर इमले बांधू नयेत, पण निकष जराही सैल न करता जुनं अंतर मिटलं, हे नजरेआड करता येत नाही.

'आकडे सांगतात म्हणजे कारण तेच असेल?'

नाही. जिथे छत्र्या जास्त दिसतात तिथे पाऊस असतो, पण छत्र्यांमुळे तो पडत नाही. लाखो शोधनिबंध तपासणाऱ्या अभ्यासांत, उदाहरणार्थ वैद्यकशास्त्रातल्या ६६ लाख निबंधांवरच्या २०२२च्या अभ्यासात, स्त्री-पुरुष मिश्र टीमचे निबंध जास्त नवे आणि जास्त गाजलेले निघाले. पण नामांकित, पैसेवाल्या प्रयोगशाळांकडे जगभरातून माणसं ओढली जातात, आणि त्यांचे निबंध एरवीही गाजतात. अभ्यासक हा परिणाम वजा करायचा प्रयत्न करतात; तो पूर्ण वजा झाला अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

सल्लागार कंपन्यांचे 'वैविध्य असेल तर नफा जास्त' छाप अहवाल तर सरळ बाजूला ठेवावेत. मॅकिन्झीचे निष्कर्ष २०२४ साली दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांवर ताडून बघितले. तसं काही आढळलं नाही.

गरम नळ सोडायचा कसा?

२०१० साली अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ जणांना छोट्या गटांत बसवून तऱ्हेतऱ्हेची कामं दिली. कुठला गट चांगला ठरेल हे त्यातल्या सर्वांत हुशार माणसावरून फारसं सांगता येईना. ते सांगता येत होतं दोन गोष्टींवरून: समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखायची क्षमता, आणि बोलण्याची वाटणी. एकटाच बोलत सुटला की गट घसरायचा. (नंतरच्या काही प्रयोगांत बुद्ध्यांकाचा वाटा बराच मोठा दिसला, त्यामुळे हुशारी मोडीत काढायचं कारण नाही.)

वेगळं दिसणारा माणूस टीममध्ये आहे, त्याला दिसलेलंही आहे, पण ते टेबलावर येत नाही: पैसा आणि जीव दोन्ही इथेच जातात. २७ जानेवारी १९८६च्या रात्री चॅलेंजर यानाच्या बूस्टरचे इंजिनिअर फोनवरच्या बैठकीत सांगत होते की इतक्या थंडीत रबरी कडी नीट बसणार नाही, उड्डाण नको. व्यवस्थापकांनी आपसात ठरवून होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात जणांचा जीव गेला.

म्हणून या विषयात काम करणारे सुचवतात ते उपाय अगदी साधे वाटतात. बैठकीआधी प्रत्येकानं आपलं मत लिहून द्यायचं, म्हणजे साहेबाची री ओढायला वाव राहत नाही. प्रमुखानं शेवटी बोलायचं. दोन टीमच्या सांध्यावर एकक, व्याख्या, गृहीतकं कागदावर ठेवायची, आणि ती तपासणारा माणूस नेमायचा. आणि शंका काढणाऱ्याला आधी नियमावली दाखवायची नाही.

शेवटचा उपाय उगाच आलेला नाही. मंगळाच्या त्या यानाचा मार्ग चुकतो आहे हे किमान दोन जणांच्या आधीच लक्षात आलं होतं. दोघेही दिशादर्शनाचं काम बघणारे. त्यांनी ते सांगितलंही. पण शंका नोंदवायचा ठरलेला फॉर्म त्यांनी रीतसर भरला नव्हता, म्हणून ती विचारात घेतली गेली नाही.